दीड पुडी

दुर्गाबाईला लोक तोंडाळ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीर्थपुरीपासून दोन कोसांवर, ओढ्याच्या काठी तिचा मळा होता. नवरा रखमाजी वारला तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, मोट ती स्वतः हाकायची. बाई मोटेवर बसते हे गावाच्या गळी उतरत नव्हतं. पहिले आठ दिवस माणसं काही काम नसताना मळ्यावरून जात-येत राहिली. एकदा दुर्गाबाईनं मोटेच्या दोरावर, नाड्यावर, बसल्या बसल्याच विचारलं, "काय पाहून राह्यलात? मोट कधी पाह्यली न्हाई, का बाई?" त्या दिवसापासून माणसं आपापल्या वाटेनं जायला लागली.

मोटेचं काम सोपं दिसतं. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की नाडा ओढला जातो आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या हौदात, रिती होते. मग बैलांनी उलट्या पावलांनी धाव चढायची, की मोट पुन्हा विहिरीत. खाली जायला कुठलाही बैल जातो. मागं चालणं मात्र शिकवावं लागतं, आणि ते शिकवता शिकवता शिकवणाऱ्याचा दम निघतो. रखमाजीनं आपली जोडी शिकवायला एक अख्खा उन्हाळा घातला होता. डाव्या अंगाला कवड्या, उजव्या अंगाला तेल्या. कवड्या ठिपक्याठिपक्यांचा आणि डोक्यानं हुशार. तेल्या काळसर, ताकदीचा, पण कवड्या करील ते करणारा.

रखमाजीचा एक हिशेब ठरलेला होता. चार मोटांत एक वाफा भिजतो. पाच वाफे झाले की एक चिलीम. विसावी मोट रिती झाली, बैल मागं चढून वर आले, की तो नाड्यावरून उतरायचा आणि विहिरीशेजारच्या धोंड्यावर बसून चिलीम ओढायचा. बैल तेवढा वेळ रवंथ करत उभे. होता होता कवड्याला ते इतकं पाठ झालं, की रखमाजी उतरो न उतरो, विसाव्या मोटेनंतर तो आपला थांबायचा. रखमाजी पाहुण्यारावळ्यांना बोलावून हे दाखवायचा.

तो वारल्यावर तेराव्यानंतर दुर्गाबाई मोटेवर बसली. पाच वाफे झाले आणि कवड्या थांबला. तिनं आसूड ओढला, शिव्या घातल्या, बैल हलेना. मग तिच्या ध्यानात आलं. ती उतरून त्या धोंड्यावर बसली, एक चिलीम संपायला लागतो तेवढा वेळ बसली, आणि उठली. पुढं दोन वर्षं हे रोज चाललं. नवऱ्यासाठी तिला चारचौघांत रडताना कुणी पाहिलं नव्हतं. जे काही होतं ते त्या धोंड्यावर व्हायचं.

माघात नाडा तुटला. भरली मोट अर्ध्यावर असताना तुटला, त्यामुळं जोर लावून उतरणारे बैल एकदम पुढं फेकले गेले. तेल्या गुडघ्यावर पडला. कवड्याचं कपाळ धावेच्या टोकाला असलेल्या दगडी बांधावर आपटलं. दिवसभर तो आडवा होता. दुसऱ्या दिवशी उठला, पाणी प्याला, वैरणीला तोंड लावलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

सुटले नव्हते. कवड्याला काहीच आठवत नव्हतं. नावानं हाक मारली तर कान हलवत नव्हता. आपली दावण सोडून तेल्याच्या दावणीला जायचा. जू पाहून डाव्या अंगाला यायचं, तर बुजून बाजूला सरायचा. आणि मोटेला जुंपला तर खाली जायचा आणि खालीच उभा राहायचा. मागं चालायचं असतं हे त्याच्या गावीच नव्हतं.

दीर भुजंग शेजारच्याच मळ्यात होता. वाटण्या झाल्या होत्या, पण बोलणं होतं. त्यानं आपला एक बैल तेल्याच्या जोडीला दिला, एक दिवसाआड, आणि स्पष्टच सांगितलं.

"वैनी, शिमग्यापर्यंत देतो. पुढं माझाबी मळा वाळून राह्यला. कवड्याला आष्टीच्या बाजारी घालू, अन् दुसरा घेऊ."

"आष्टीला असला बैल कोण घेतो ते मला ठाव हाय, भावजी."

"मंग काय करता? देव्हाऱ्यात बसवता?"

दुर्गाबाई उठून कवड्याला वैरण टाकायला गेली. डोकं गेलेला बैल खाटकाशिवाय कुणी घेत नाही. आणि कवड्या गेला म्हणजे विसाव्या मोटेला थांबणारं जगात कुणी उरणार नव्हतं. हे भुजंगाला सांगायचं कसं? तो हसला असता.

त्याच सुमाराला तीर्थपुरीला सरकारी सलोत्री, म्हणजे गुरांचा डॉक्टर, मुक्कामाला आला. बुळकांडीची लस टोचायला आला होता. नाव बद्रीनाथ, हैदराबादेत शिकलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. जनावराला हात लावायच्या आधी तो वही काढायचा, त्यामुळं लोक त्याला जरा वचकून असत. दुर्गाबाई कवड्याला घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

सलोत्र्यानं बैलाच्या कपाळावरून बोट फिरवलं, डोळ्यापुढं हात हलवला, एकेक विचारून वहीत लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, "वरची जखम भरली, बाई. आत मार बसलाय. आमच्या उस्तादांनी असा एक फौजी घोडा पाह्यला होता. गाडीचा दांडा डोक्यात बसल्ता. कवायत बिलकुल विसरला. त्याला कुचला देऊन पुन्हा शिकवलं, तर शिकला."

"कुचला म्हंजी?"

"तुमच्याकडं काजरा म्हणतात."

"काजऱ्यानं तर पिसाळलेली कुत्री मारतात, साहेब."

"जास्तीनं मरतात. थोड्यानं अंगात तरतरी येते, अन् शिकवलेलं डोक्यात राहतं. का राहतं, ते उस्तादांनाबी माहीत न्हाई. मला पाहायचंय." त्यानं पुड्या बांधल्या. "सकाळी जुंपायच्या आधी एक पुडी, पिठागुळाच्या गोळ्यात. पोटात औषध असताना शिकवायचं. नुसतं देऊन बांधून ठेवलं तर उपयोग न्हाई. फक्त कवड्यालाच. मी दर गुरुवारी येऊन पाहीन."

दुर्गाबाईनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ज्वारीचं पीठ आणि गूळ मळून त्यात पुडी टाकली, आणि गोळ्याचे दोन भाग केले. एक कवड्याला दिला, एक तेल्याला.

यात तिला विचार करावा लागला नाही. एका जुवाखालच्या दोघांत दुजाभाव करायचा नाही, हा रखमाजीचा कायदा होता, त्याच्या बापाचा होता, आणि त्या शिवारात ज्याच्याकडं जोडी होती त्या प्रत्येकाचा होता. एकाला घास दिला आणि दुसऱ्याला नुसतं बघायला लावलं, की दुसऱ्याचं मन मोडतं. मन मोडलेला बैल जू ओढत नाही, नुसता वागवतो. त्यातून तेल्या गुळाचा भारी लोभी. औषध आहे म्हणून त्याला नाही द्यायचं, हे त्याला कुणी समजवायचं? सलोत्री जनावरं जाणत असेल, पण जोडी म्हणजे काय ते त्याला काय माहीत, असं दुर्गाबाईचं मत होतं. त्याला सांगायची तिला गरज वाटली नाही. आणि सांगितलं असतं तर त्यानं पिशवी मिटून वाट धरली असती, हेही ती ओळखून होती.

पहिल्या आठवड्यात कवड्या नावाला कान द्यायला लागला. तेवढंच. सलोत्री आला, त्यानं मागून, पुढून हाका मारून पाहिल्या.

"फरक हाय, पण कमी हाय. उद्यापासून दोन पुड्या."

दोन पुड्या दोघांत एकेक झाल्या. दुसऱ्या आठवड्यात कवड्या आपल्या दावणीला गेला. दुर्गाबाई त्या दिवशी गोठ्यातच बसून राहिली, जेवायलाही उठली नाही. मग तो जू पाहून आपोआप डाव्या अंगाला आला. जाऊ उषाबाई, म्हणजे भुजंगाची बायको, पाण्याची दारं धरायला, एकेका वाफ्यात पाणी वळवायला, यायची. तिला कवड्याच्या समोर उभं करून, छातीला हात लावून, दुर्गाबाईनं त्याला मागं चालायला शिकवायला घेतलं. पाच पावलं. दुसऱ्या दिवशी आठ. उषाबाई म्हणाली, "जाऊबाई, लेकराला चालवून राह्यलो असं वाटतंय." दुर्गाबाई म्हणाली, "लेकराला पुढं चालवतात." पण तिला बरं वाटलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी सलोत्री वही उघडून बसला.

"नवल हाय. दोन पुड्यांवर एव्हाना अंगाला झटके यायला पाहिजे होते. याला काहीच न्हाई." मग त्याची नजर तेल्याकडं गेली. "तो का थरथरतोय?"

तेल्याची कातडी पोटाशी लहरत होती. कावळा ओरडला तरी तो दचकायचा.

"माशा लई झाल्यात," दुर्गाबाई म्हणाली.

सलोत्र्यानं तिसरी पुडी सुरू केली. उठता उठता त्यानं तिला बजावलं, आणि एरवी कमी बोलणारा माणूस यावर दोनदा बोलला. "तीन म्हणजे शेवट. पहिल्याच दिवशी तीन घातल्या असत्या तर जनावर हातचं गेलं असतं. चढत चढत आलो, म्हणून सोसतंय. चौथी मागू नका." त्यानं किती पुड्या, केव्हा, आणि फक्त कवड्यालाच द्यायच्या ते कागदावर मराठीत लिहून दिलं आणि तो कागद गोठ्याच्या फळीवर ठेवला.

तिनाच्या दीड-दीड झाल्या. आणि दीड पुडीवर कवड्या धाव चढला. खालपासून वरपर्यंत, उलट्या पावलांनी, उषाबाईनं हात न लावता. शिमगा आठ दिवसांवर होता. भुजंग ओढ्यापलीकडून बघत होता, तो येऊन म्हणाला, "वैनी, मानलं तुम्हाला." भुजंगाच्या तोंडून असं काही निघणं म्हणजे आक्रीतच.

एकच राहिलं होतं. विसावी मोट व्हायची आणि कवड्या थांबायचा नाही. तेविसावी, पंचविसावी, हाकाल तेवढ्या. दुर्गाबाई वीस मोजायची आणि श्वास धरून बसायची. तो सरळ खाली उतरायचा. काम करणारा बैल परत आला होता. तिचा बैल आला नव्हता. हे ती कुणाला बोलली नाही. औषध आणखी चढायचं नव्हतं, पण दिवस होते. नावही असंच हळूहळू आलं होतं, दावणही.

बुधवारी तेल्या उगीचच दचकला, त्यानं झाडलेली लाथ दगडावर आपटली, आणि खुराची लोखंडी पत्री निखळली. लंगडायला लागला. पत्री मारणारा नालबंद तीर्थपुरीला, आणि तो सापडणार दुसऱ्या दिवशी, गुरुवारच्या बाजारात. गुरुवारी उजाडताच तिनं तेल्याला सोडलं. तेवढ्यात भुजंग आपला बैल घेऊन आला.

"तुम्ही जा बिनघोर. मी माझा बैल कवड्याच्या जोडीला लावतो अन् तुमचा कांदा भिजवून घेतो. कोरडा पडून राह्यला."

"औषध द्यायचं हाय जुंपायच्या आधी."

"कागद वाचलाय मी. देतो बराबर."

दुर्गाबाई दोन पावलं गेली आणि थांबली. दीडच द्या, एवढे दोन शब्द तिच्या ओठापर्यंत आले. पण मग भुजंगानं विचारलं असतं, दीड का? भुजंगाच्या पोटात काही राहत नाही. दुपारी सलोत्री यायचा होता. त्याला हे कळलं असतं, आणि कवड्याला एवढ्यावर आणून सगळं तिथंच थांबलं असतं. महिना झाला खातोय, एक दिवस तीन गेल्या तर काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. सलोत्र्यानं दोनदा बजावलेलं तिला आठवत होतं. तरी ती गेली.

नालबंदापुढं रांग होती. तेल्याला आडवा पाडून पत्री मारेस्तोवर दुपार झाली. येताना ती वाटेत कुठं टेकली नाही. मळ्याच्या कडेला आली तेव्हा विहिरीपाशी सलोत्र्याचं तट्टू बांधलेलं होतं, आणि भुजंग जमिनीवर बसला होता. जवळ कवड्या पडलेला. चारी पाय लाकडासारखे ताठ, मान मागं वळलेली. उषाबाईनं त्याच्या डोळ्यांवर आपला पदर टाकला होता.

दुर्गाबाईनं तेल्याचा कासरा बाभळीला बांधला.

"मी कागदाबरहुकूम दिलं, वैनी," भुजंग म्हणाला. "तीन पुड्या. एकबी कमी न्हाई, एकबी जास्त न्हाई. लोक म्हणतील यानं मारला. आष्टीला घाला म्हणत होता, अन् मारला."

"कुणी म्हणणार न्हाई. मी हाय ना."

सलोत्री वही मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं लिहिलेलं पुन्हा पुन्हा पाहिलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "हिशेब जुळत न्हाई," तो म्हणाला. "आठ दिवस तीन पुड्या सोसल्या. आजच काय झालं?"

तेव्हा दुर्गाबाईनं सांगितलं. पहिल्या दिवसापासून सांगितलं. अर्धा गोळा कुणाला, का, आणि सकाळी ओठावर आलेलं का गिळलं, तेही. काही लपवलं नाही. उषाबाईनं तोंडावर हात ठेवला. भुजंग वर न पाहता म्हणाला, "अर्धं तर आमच्याकडंबी देतात. मीबी तसंच केलं असतं, पण कागदावर फक्त कवड्यालाच असं लिवल्तं." आणि तो उठून ओढ्याकडं गेला.

सलोत्री तिच्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं वहीतले आकडे एकेक खोडून निम्मे केले. खोडून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे दीड पुडी बराबर होती याला. तिच्यावरच सगळं येत होतं. अजून पंधरा दिवस दीडवर ठेवला असता, तर बहुतेक राहिलेलंबी आलं असतं. जगला असता."

दुर्गाबाई कवड्याच्या डोक्याशी बसली. "कसा गेला?" तिनं उषाबाईला विचारलं.

"चांगला चालून राह्यल्ता, जाऊबाई. तुमच्या हाताखाली चालत न्हाई असा. मागं तर असा सरसर येत होता. अन् मंग वर आला अन् उभा राह्यला. ह्यांनी हाकललं, आसूड वढला, तो हालंना. थोड्या वेळानं पाय कापायला लागले, अन् पडला."

दुर्गाबाईचा चेहरा बदलला. "कितव्या मोटंला उभा राह्यला?"

"मोजल्या कुणी? ह्यांनी न्हाई मोजल्या, अन् मी तिकडं दारं धरून राह्यल्ते."

"उभं राहणं औषधानंच," सलोत्री म्हणाला. "आधी पाय ताठतात. कुचल्याचं तसंच असतं."

ती उठली आणि पाटाच्या कडेकडेनं कांद्याकडं गेली. ऊन उतरायला लागलं होतं, पण भिजलेली माती कोरड्यापासून वेगळी कळत होती. पहिला वाफा काळा, कोपऱ्यापर्यंत भिजलेला. दुसरा. तिसरा. चौथ्यात तिनं वाकून माती चिमटीत घेतली. पाचवा काठोकाठ. सहाव्या वाफ्याचं दार उषाबाईनं उघडून ठेवलं होतं. आत थेंब गेला नव्हता. माती भेगाळलेली, तशीच.

ती पुन्हा पहिल्यापासून मोजत आली. पाचच होते.

विहिरीपाशी येऊन ती सलोत्र्यासमोर उभी राहिली. "साहेब, पाच वाफे भिजलेत. वीस मोटा झाल्या अन् तो थांबला. वहीत लिहा."

"बाई, मी सांगितलं ना, ते ताठणं—"

"ते तुमचं तुम्ही लिहा. हे माझं लिहा."

मग तिनं त्याला चिलमीचं सांगितलं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते धोंड्यावर बसणंही सांगितलं. सांगताना तिचे डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत. सलोत्री उठला, स्वतः पाटावरून गेला, आणि वाफे मोजून आला. त्यानं पेन्सिल हातात घेतली. मग लिहिलं, उर्दूत, उजवीकडून डावीकडं.

"वाचून दाखवा."

"'वीस मोटा ओढून जनावर आपल्या सवयीच्या जागी थांबलं.'"

"अन् मेलं?"

"ते खालच्या ओळीत."

"बरं," दुर्गाबाई म्हणाली.

भुजंग ओढ्याकडून तसाच कवड्याला उचलायला माणसं बोलवायला गेला होता, तो यायला वेळ होता. ती धोंड्यावर जाऊन बसली, एक चिलीम संपायला लागतो तेवढा वेळ. उठल्यावर तिनं सकाळचं उरलेलं पीठ आणि गूळ घेऊन गोळा मळला, नेहमीसारखे दोन भाग केले, आणि बाभळीला बांधलेल्या तेल्याजवळ गेली. एक भाग त्याला दिला. दुसऱ्या हातातल्याकडं तेल्या मान लांब करून बघत राहिला, आणि तिला तो देता येईना.